दोन खिशांचा शर्ट : ऑफिसला कसा, सुट्टीला कसा?

शिवणटीप

शर्टांच्या कारखान्यात कटिंग टेबलावर माझी नोकरी आहे. ओळखीपाळखीच्या पुरुषांकडून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे, "छातीवर दोन्हीकडे झाकणाचे खिसे असलेला शर्ट आवडलाय, पण ऑफिसला चालेल का?" फोनवर अर्धवट उत्तरं देण्यापेक्षा इथे नीट लिहितो. तुम्हीही भर घाला.

माझं मत आधीच सांगतो. चालतो, आणि उत्तम दिसतो. मात्र तो मुळात अंगमेहनतीचा शर्ट आहे हे मानून घातला तरच. सैनिक, खलाशी, कामगार, गुराखी यांनी वापरून वापरून त्याला हा आकार आणलाय. १८४६ साली पेशावरला हॅरी लम्सडेनने उभ्या केलेल्या कोअर ऑफ गाइड्स या पलटणीने खाकी अंगावर घेतली आणि पुढे ती साऱ्या ब्रिटिश फौजेत पसरली. आपल्याकडच्या पोलिसांपासून एसटीपर्यंतच्या खाकी शर्टांचं घराणं तेच. खिशाला झाकण, म्हणजे फ्लॅप, आलं ते वाकताना, शिडी चढताना, घोडा दौडवताना आतली वस्तू पडू नये म्हणून. त्यामुळे या शर्टात एक मोकळा, कामाला लागलेल्या माणसाचा रुबाब असतो. तो टिकेल असंच बाकीचं ठेवायचं. चकचकीत कापड, टाय, कडक सूट आणि वर दोन फ्लॅप असं केलं की दोन वेगळ्या घरांतली माणसं एकाच फोटोत कोंबल्यासारखं होतं.

सगळं ठरतं ते कापडावर. पॉपलिन पातळ आणि गुळगुळीत, साधारण १०० ते १२० जीएसएमचं (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन). एकखिशी फॉर्मल शर्टाला झकास, पण त्यावर फ्लॅपची जाड शिवण उठून दिसते आणि खिशात पेन ठेवलं तरी छाती लोंबते. ऑफिससाठी माझी पहिली पसंती ऑक्सफर्ड किंवा शँब्रे. ऑक्सफर्डमध्ये धागे जोडीने विणलेले असतात, हाताला किंचित खरखरीत लागतं. शँब्रेत ताणा (उभा धागा) रंगीत, बाणा (आडवा धागा) पांढरा आणि वीण साधी. म्हणून तो लांबून डेनिमसारखा दिसतो पण अंगाला हलका असतो. डेनिम आणि ड्रिल यांची वीण तिरपी, अंग जड. ती सुट्टीला ठेवा. लिनन दोन्हीकडे चालतं, चुरगळणं मनापासून मान्य असेल तर.

आता खिसा. दुकानात रंग बघण्यात वेळ जातो आणि खिसा कुणी बघतच नाही. ४० नंबरच्या शर्टाला खिशाची रुंदी साडेचार ते पाच इंच असावी. कॉलरच्या मुळाशी जो खांदा सुरू होतो, तिथून साधारण साडेसात ते आठ इंच खाली खिशाचं तोंड आलं की नजरेला बरोबर वाटतं. त्याहून खाली गेलं तर तरुण माणूससुद्धा थकलेला दिसतो, कारण पाहणाऱ्याला छातीच खाली सरकलेली वाटते. दोन्ही खिसे सारखे आहेत का हे बघायला शर्टाची सगळी बटणं लावा, टेबलावर सपाट पसरा आणि बटणांच्या रांगेपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. बटणं उघडी ठेवून मोजलंत तर फसाल, कारण डावी पट्टी उजवीवर चढते आणि ती रुंदी हिशेबात येत नाही. पाव इंचाचा फरकसुद्धा अंगावर कळतो.

फ्लॅप खिशापेक्षा दोन्ही बाजूंनी एखाद-दोन मिलिमीटर रुंद हवा. बरोबर मापाचा शिवला तर दोन-चार धुण्यांत आटतो आणि खिशाच्या कडा बाहेर डोकावू लागतात. फ्लॅपच्या आत फ्यूजिंग, म्हणजे आकार टिकावा म्हणून चिकटवलेला थर, असतं. ते हलक्या प्रतीचं असेल तर धुतल्यावर बुडबुडे येतात आणि ते कुठल्याही इस्त्रीने जात नाहीत. दोन बोटांत फ्लॅप धरून चोळून बघा, आतला थर वरच्या कापडापासून सुटा सरकत असेल तर तो शर्ट घेऊ नका. खिशाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर छोटी त्रिकोणी टीप किंवा पक्का टाका हवाच. खिसा फाटतो तो तिथूनच.

ऑफिससाठी : एकाच रंगाचा, फिका निळा, पांढरा, फिका करडा किंवा ऑलिव्ह. फ्लॅप छोटे, बटणं शर्टाच्याच रंगाची, खांद्यावर गणवेशासारखे बटणाचे कापडी पट्टे नकोत. कॉलर बटण-डाऊन (टोकं बटणांनी शर्टाला लावायची) असेल तर फ्लॅपशी जमून जातं. खूप पसरट कॉलर या शर्टावर परकी वाटते. खाली गडद निळी किंवा दगडी रंगाची चिनो (साधी सुती पँट), तपकिरी बेल्ट, तपकिरी बूट. इन करा. दोन खिसे असलेला शर्ट बाहेर सोडला की वरपासून खालपर्यंत सगळंच सैल दिसतं, आणि ऑफिसात ते खपत नाही.

ब्लेझर घालणार असाल तर हा शर्ट टाळा. ब्लेझरचा कॉलर अर्धा फ्लॅप झाकतो आणि उरलेला अर्धा बाहेर राहतो, त्यात फ्लॅपचं बटण आतून फुगवटा आणतं. पातळ स्वेटरखालीही तेच.

सुट्टीसाठी मात्र हात मोकळा सोडा. चेक्स, डेनिम, गडद हिरवा, विटकरी. आत पांढरा टी-शर्ट, शर्टाची बटणं उघडी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बाहेर सोडायचा शर्ट खालून सरळ कापलेला असावा आणि त्याची लांबी पँटच्या मागच्या खिशाच्या निम्म्यापर्यंत. त्याहून लांब असेल तर शिंप्याकडून कापून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

रानवारा

छान सविस्तर लिहिलंय. माझी उंची पाच फूट चार इंच, पोट थोडं पुढे. मला दुकानदार म्हणाला, "तुम्हाला दोन खिसे शोभणार नाहीत." खरंच नाही शोभणार का?

शिवणटीप

@रानवारा, शोभतील. दोन खिसे छातीला रुंदी देतात, म्हणून सडपातळ माणसाला ते फायद्याचे. तुमच्या बाबतीत रुंदी वाढवायची नाही, एवढं धरून चला. खिसा साडेचार इंचांच्या वर नको, फ्लॅपची उंची दोन इंचांच्या आत, आणि खिशाचं कापड शर्टाच्याच रंगाचं. गडद शर्टावर पांढरी बटणं टाळा, नजर तिथेच आडवी जाते. खिसा साडेसात इंचांवरच ठेवा, तुमच्या उंचीला आठ म्हणजे फार खाली होईल. आणि खिशात काहीही ठेवू नका. पोट पुढे असताना भरलेला खिसा शर्टाला पुढे ओढतो आणि मधल्या बटणांमध्ये फटी पडतात.

जुना_मुंबईकर

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी बँकेत लागलो. तेव्हा साहेब लोकांच्या अंगावर सफारी असायची, वर-खाली मिळून चार खिसे, टेरिकॉटची. एका डाव्या खिशात चष्मा, दुसऱ्यात डायरी. टेरिकॉटला इस्त्री लागत नसे म्हणून ती प्रत्येकाला हवी असायची, पण मे महिन्यात लोकलमध्ये उभं राहून प्रवास केला की पाठ आणि छाती चिंब. आजच्या मुलांना सुती कापडात हाच घाट मिळतोय, ही चांगली गोष्ट झाली आहे. माझा मुलगा दोन खिशांचा लिनन शर्ट घालतो. खिसे पूर्ण रिकामे असतात. मला अजून ते बघवत नाही, खिसा आहे तर पेन हवं.

साईटवरचा_अभियंता

बांधकामावर काम करतो. आमच्यासाठी हा शर्ट फॅशनचा विषय नाही, म्हणून वापराच्या बाजूने लिहितो.

स्लॅबवर सळ्यांचं अंतर तपासायला वाकावं लागतं. एकखिशी उघड्या शर्टातून पेन्सिल, खडू, पावती काहीतरी घरंगळतंच. सळ्यांच्या जाळीत पडलेली वस्तू काँक्रीट ओतायच्या आधी काढता आली तर ठीक, नाही तर गेली. झाकणाचा खिसा असला की हा त्रास संपतो. डाव्या फ्लॅपला पेनासाठी फट असलेला शर्ट घ्या, म्हणजे झाकण बंद ठेवूनही पेन हाताशी राहतं. उजव्या खिशात मी दुमडलेलं ड्रॉइंग आणि मोजमापाची छोटी वही ठेवतो.

फोन कधीच छातीच्या खिशात नाही. हल्लीचे फोन दोनशे ग्रॅमच्या आसपास असतात. एका बाजूला एवढं वजन लटकलं की कॉलर मानेवरून सरकते आणि दिवसभर तो खांदा ओढला जातो.

कापड ट्विलच, म्हणजे तिरप्या विणीचं, घ्या. सिमेंटचा बारीक धुरळा शँब्रेच्या विणीत जाऊन बसतो आणि रंग मेल्यासारखा होतो. ट्विल झटकला की बराचसा निघून जातो. रंग खाकी किंवा करडा, म्हणजे साईटवरून थेट क्लायंटच्या ऑफिसात जायची वेळ आली तरी चेहरा धुतला की पुरतं.

मयूरेश_पिंपरी

मी वेगळं मत मांडतो. आमच्या कंपनीत परदेशी क्लायंटसमोर बसावं लागतं. तिथे मी दोन खिशांचा शर्ट घालणार नाही, आणि खाकी तर मुळीच नाही. आपल्याकडे खाकी दोन खिसे म्हटलं की ड्रायव्हर, कंडक्टर, वॉचमन हेच डोळ्यांसमोर येतं. एकदा सोसायटीच्या कार्यक्रमाला खाकी शर्ट घालून गेलो तर एका पाहुण्यांनी गाडी लावायची किल्ली माझ्या हातात दिली. तेव्हापासून घालत नाही.

एसटीची_लेक

@मयूरेश_पिंपरी, तुमची अडचण समजू शकते. पण "हेच डोळ्यांसमोर येतं" यावर मला बोलायचं आहे.

माझे वडील एसटीत वाहक होते. त्यांचा खाकी शर्ट आई रोज रात्री धुवायची, कारण जोड मोजकेच मिळायचे. पहाटेच्या गाडीला जायचं असलं की ते चारला उठून स्वतः इस्त्री करायचे आणि सुरुवात फ्लॅपपासून करायचे. आधी फ्लॅप उलटा करून आतून, मग खिशाचं तोंड, मग फ्लॅप खाली पाडून वरून. बटण लावून झालं की डाव्या खिशावर बिल्ला. बिल्ला वाकडा लागला तर काढून परत लावायचे. पैसे आणि तिकिटं चामड्याच्या पिशवीत, पण वेबिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद) लिहायचं पेन शर्टाच्या खिशात, आणि दुसऱ्या खिशात घडी घातलेला रुमाल. रात्री मुक्कामाहून परतले की खिशाच्या तळाशी रस्त्याची लाल धूळ निघायची, ती अंगणात झटकल्याशिवाय आई शर्ट घरात येऊ द्यायची नाही.

तो शर्ट घालून ते आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला आले होते, थेट ड्युटीवरून. मुख्याध्यापकांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. त्या शर्टात माणूस किती नेटका दिसू शकतो हे मी पाहिलंय. माझ्या भावाला मी स्वतः खाकी दोन खिशांचा शर्ट शिवून दिलाय आणि तो तो ऑफिसला घालतो.

शिवणटीप

@एसटीची_लेक, इस्त्रीचा क्रम अगदी बरोबर लिहिलात. कारखान्यातले जुने प्रेसवालेही असाच करतात.

@मयूरेश_पिंपरी, व्यवहाराचं बोलतो. खाकी शर्ट गणवेश वाटतो तो तीन गोष्टी एकत्र आल्या की : खांद्यावर पट्टे, खाली खाकीच पँट, आणि काळा बेल्ट-काळे बूट. यातलं एकही ठेवू नका. पट्टे नसलेला खाकी शर्ट, खाली गडद निळी जीन्स किंवा पांढरट चिनो, पायात तपकिरी सुएडचे (मऊ, लवदार चामड्याचे) बूट. मग तो शर्टच राहतो. महाराष्ट्रात रिक्षा-टॅक्सीवाल्यांचा गणवेशही खाकी किंवा पांढरा असल्यामुळे पांढऱ्यातही खांद्यावर पट्टे असलेला शर्ट टाळावा.

मयूरेश_पिंपरी

@एसटीची_लेक, तुमच्या वडिलांबद्दल वाचून खूप बरं वाटलं, आणि शेवटी लिहिलेला भावाचा शर्टही आवडला. माझ्या लिहिण्यात त्या कामांबद्दल अनादर नव्हता, पण तसा वाचला जाऊ शकतो हे कळलं. क्लायंट मीटिंगला अजूनही एकखिशीच घालेन. शुक्रवारसाठी ऑलिव्ह घेऊन बघतो.

डेन्व्हरकर

इकडून एक धागा जोडतो. दोन खिशांच्या शर्टाची अमेरिकन शाखा म्हणजे इथल्या गुराख्यांचा वेस्टर्न शर्ट, आणि त्याचं एक मोठं नाव आमच्या शहरातलं आहे. जॅक वाईल यांनी १९४६ मध्ये डेन्व्हरला रॉकमाउंट रँच वेअर सुरू केलं. वेस्टर्न शर्टाला टिचबटणं आणण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. ते २००८ मध्ये वारले तेव्हा १०७ वर्षांचे होते आणि अगदी शेवटपर्यंत दुकानात येत असत. डाउनटाउनमधल्या वाझी स्ट्रीटवरचं ते दुकान आजही बघण्यासारखं आहे.

टिचबटणांचं कारण इथले लोक असं सांगतात : शर्ट खोगिरात किंवा काटेरी झुडपात अडकला तर काजातलं बटण सुटत नाही, माणूस ओढला जातो. टिचबटण झटक्यासरशी उघडतं. फ्लॅपचा आकारही ओळखू येईल असा. करवतीच्या दातांसारखी दोन टोकं आणि प्रत्येक टोकाला एक टिचबटण. पुढून आणि मागून खांद्याचा तुकडा टोकदार कापलेला. चेक्स असतील तर खिसे आणि तो तुकडा तिरपा कापतात, म्हणजे चौकडी जुळवायची गरजच उरत नाही.

ऑफिसला घालायचा झाला तर साधा, नक्षी नसलेला, गडद निळा डेनिमचा घ्या. इथे तो बऱ्याच ऑफिसांत रोज दिसतो. भरतकाम आणि मोत्याची चमकणारी बटणं मात्र सुट्टीला. आणि डेनिमवर डेनिम घालायचं असेल तर दोन्हींच्या रंगात स्पष्ट अंतर ठेवा : शर्ट फिका, जीन्स गडद. जवळजवळ सारखे असले की जुळवायला गेलं आणि जमलं नाही असं दिसतं.

शिवणटीप

@डेन्व्हरकर, तिरप्या कापाचा मुद्दा फार कामाचा. चेक्सचा शर्ट घेताना खिशावरच्या रेषा खालच्या कापडाच्या रेषांत मिसळून जातात का ते बघा. मिसळत असतील तर बनवणाऱ्याने कापडही जास्त घातलंय आणि वेळही. अर्धवट जुळलेल्या रेषा सगळ्यात वाईट. ज्यांना जुळवायला परवडत नाही त्यांनी सरळ तिरपा कापावा, तो प्रामाणिक मार्ग आहे.

अक्षय_लातूर

कॅम्पस इंटरव्ह्यू आहे. घालू का?

शिवणटीप

नको. इंटरव्ह्यूला पांढरा किंवा फिका निळा, एकखिशी, साधा. नोकरी लागली की पहिल्या आठवड्यात बाकीचे काय घालतात ते बघ आणि मग शँब्रे काढ. शुभेच्छा!

सुमेधा_के

आमच्या घरात तीन पुरुष आणि तिघांनाही हेच शर्ट हवे असतात, म्हणून धुण्याबद्दल मी लिहिते. तुम्ही सगळे दिसण्यावर बोलताय, पण हा शर्ट सहा महिन्यांनी कसा राहतो ते धुण्यावर ठरतं.

मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे उलटून बघा. झाकण बंद असल्यामुळे आत काय आहे ते वरून दिसत नाही. एक पेन आख्खं कपड्यांचं धुणं निळं करतं. फ्लॅपचं बटण काजातून सोडून ठेवा, नाही तर ओढ बसून काज सैल होतो. वाळत घालताना शर्ट खालच्या कडेला चिमटे लावून उलटा टांगला की फ्लॅप उघडे लोंबतात आणि तसेच वाळून कायमचे वर वळतात. हँगरवर, बटणं लावून, फ्लॅप हाताने खाली ताणून वाळवा. ओला असतानाच बोटांनी कडा ओढून सरळ केली की निम्मी इस्त्री तिथेच होते.

गडद ट्विलवर वरून गरम इस्त्री फिरवलीत तर फ्लॅपच्या जाड शिवणीवर चकाकी येते आणि ती जात नाही. उलटा करून करा, किंवा वर सुती फडकं टाका.

एका नामांकित दुकानातून घेतलेल्या शर्टाचे फ्लॅप दुसऱ्याच धुण्यात बुडबुडले. परत न्यायला गेलो तर म्हणाले, "तुम्ही गरम पाण्यात धुतला असणार." लेबलवर चाळीस अंश लिहिलेलं होतं आणि मी थंड पाण्यात धुतला होता. शेवटी बदलून दिला नाहीच. तेव्हा @शिवणटीप यांनी लिहिलेली दोन बोटांची परीक्षा दुकानातच करा.

रत्नदुर्ग

कोकणातली अडचण वेगळी आहे. खिसा आणि झाकण मिळून छातीवर कापडाचे तीन थर होतात. एप्रिल-मेमध्ये घाम नेमका तिथे साचतो. फिका निळा आणि करडा या दोन रंगांवर त्याचे गडद चौकोन उमटतात, चारचौघांत उठून दिसतात. पांढऱ्यावर आणि अगदी गडद निळ्यावर कळत नाही. पावसाळ्यात बाकीचा शर्ट वाळतो पण फ्लॅपखालची जागा दमट राहते, मग तिथे बुरशीचे काळे ठिपके पडतात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर जाड ट्विलचे शर्ट कपाटातच असतात.

माझा उपाय असा : पातळ लिनन किंवा खादी, हाफ बाह्या, खिसे दोन पण झाकण नाही. नुसते उघडे पॅच खिसे. घाट तोच राहतो, एक थर कमी होतो. सुट्टीच्या दिवशी खाली सुती पँट आणि कोल्हापुरी. गोव्यातल्या मित्रांकडे लग्नाच्या आदल्या दिवशीच्या जेवणालाही हाच घालून गेलोय, कुणालाही कमी वाटलं नाही.

शिवणटीप

@रत्नदुर्ग, सोळा आणे पटलं. दमट हवेसाठी आणखी एक करता येतं : झाकण ठेवायचंच असेल तर त्याच्या आतल्या बाजूला जाड कापडाऐवजी मलमलसारखं पातळ सुती कापड लावायला सांगा. वरून काही कळत नाही, थर हलका होतो. आणि फ्यूजिंग लावूच नका, पातळ लिननला ते लागतही नाही.

रानवारा

तयार शर्टात मला साडेचार इंचांचा खिसा मिळेना, म्हणून शिवूनच घ्यायचं ठरवलंय. कापड किती आणि कुठून घेऊ?

शिवणटीप

अठ्ठावन्न इंची पन्हा (कापडाची रुंदी) असेल तर फुल बाह्यांच्या साध्या शर्टाला १.६० मीटर पुरतं. दोन खिसे, दोन फ्लॅप आणि त्यात चेक्स असतील तर १.८० घ्या. छत्तीस इंची पन्ह्यात सव्वादोन मीटरच्या पुढे जावं लागतं, तिथे शिंप्याला विचारूनच फाडा. मुंबईत असाल तर मंगलदास मार्केट, आणि शर्टिंगच्या कापडासाठी इचलकरंजी आहेच. तिथल्या यंत्रमागांवर निघालेलं सुती कापड तुम्ही कधी ना कधी अंगावर घातलेलंच असतं.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, तेव्हा आधी पाण्यातून काढून, सावलीत वाळवून मगच शिवायला टाका. अंगावर बरोबर बसणारा एखादा जुना शर्ट सोबत न्या आणि त्यावर खिशाची जागा खडूने आखून दाखवा. "दोन खिसे फ्लॅपवाले" एवढंच सांगितलंत तर बरेचसे शिंपी गणवेशाच्या मापाचे मोठे खिसे लावतात, हात तसा बसलेला असतो. एका इंचात किती टाके घालतात तेही विचारा. चौदाच्या आसपास असले की शिवण सुबक दिसते. आठ-नऊ असतील तर फ्लॅपच्या गोलाईवर टीप तुटक दिसेल.

फ्लॅपचा आकार खिशाच्या तळाशी जुळवा. तळ टोकदार तर फ्लॅप टोकदार, तळाचे कोपरे कापलेले तर फ्लॅपचेही कापलेले.

जुना_मुंबईकर

@रानवारा, शिवून झाला की फोटो टाका. आणि एका तरी खिशात पेन ठेवा.

वामहस्त

उशिरा आलोय, पण एक प्रश्न. मी डावखुरा आहे. तयार शर्टात पेनाची फट कायम डाव्या फ्लॅपला असते. उजव्या हाताने काढणाऱ्यांना ते सोयीचं, मला मनगट आत वळवून पेन काढावं लागतं. शिंप्याकडून उजव्या फ्लॅपला फट करून घेता येईल का? विचित्र दिसेल का?

शिवणटीप

@वामहस्त, करून घ्या, अजिबात विचित्र दिसत नाही. फट फ्लॅपच्या बटणपट्टीकडच्या टोकाला ठेवायला सांगा, काखेकडच्या टोकाला नको, नाही तर पेनाचं टोक दंडाला घासत राहतं. रुंदी सव्वा इंच पुरे. हे कापड कापायच्या आधीच सांगून ठेवा, कारण फट म्हणजे फ्लॅपच्या वरच्या शिवणीत सोडलेली जागा असते. शिवून झाल्यावर कात्री लावून फट पाडली तर कडा महिन्याभरात उसवतात.